यीस्ट न घातलेला फ्लास्क

६ जानेवारी, सोमवार

विद्यापीठाचं पत्र आलं. पीएचडीच्या नोंदणीला ३० जूनपर्यंत मुदत वाढवून दिली आहे. 'अंतिम' या शब्दाखाली कुणीतरी पेनाने रेघ मारली आहे. ही दुसरी वाढ. तिसरी मिळत नाही. नोंदणी केली तेव्हा मी चाळीसचा होतो, आता एकोणपन्नास.

प्रयोगांची वही वेगळी आहे, तिच्यात फक्त आकडे असतात. बाकीचं लिहायला ही वही घेतली. पुढे कधी चाळली तर मलाच कळावं म्हणून काम काय आहे ते आधी लिहितो.

आमच्या गावी, फर्दापूरच्या अलीकडे, ज्वारीची आंबील ज्या मडक्यात आंबवतात त्यातून मी एक यीस्ट वेगळं केलं. सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल आहे, ते सगळ्याच जिवांना लागतं. जीवाणू ते एका वाटेने बनवतात, पावाचं यीस्ट दुसऱ्या वाटेने. माझ्या यीस्टच्या अर्कात मात्र जीवाणूंच्या वाटेवरचं एन्झाइम सापडतं. ते शुद्ध करायचं, त्याचे गुणधर्म मोजायचे आणि जीवाणूंच्या एन्झाइमशी ताडून बघायचे, एवढाच माझा प्रबंध. एवढं सिद्ध झालं तरी ते नवीन आहे.

तपासायची रीत सोपी आहे. अर्कात दोन रसायनं घालायची. सिस्टीन बनलं असेल तर शेवटी गुलाबी रंग येतो. दोनपैकी एक रसायन गंधकाचं आहे, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. आमचे प्रयोगशाळा परिचर कडूबा दोन वर्षांनी निवृत्त होतील. आज नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले.

"सर, गळ्यात माळ अन् खोलीत अंड्याचा वास. देव इचारंल बरं एक दिवस."

"विचारलं तर गंधक आहे म्हणून सांगा."

"त्येला काय केमिस्ट्री येती व्हय?"

११ जानेवारी, शनिवार

बायकोने, गोदाने, मटकीचं फडकं दांडीवरून काढून मटकी डब्यात भरून दिली. मोड चांगले बोटभर आलेत.

यीस्ट वाढवायला खाद्य लागतं. आमच्या कपाटात असतं ते पेप्टोन मांसापासूनचं. माळ घातल्यापासून मी त्याला हात लावलेला नाही. सोयाबीनचंही मिळतं, पण ते मागवायचं तर अर्जात कारण द्यावं लागतं, आणि विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने असलं कारण लिहावं हे मला कसंसंच वाटलं. म्हणून मटकी. माझे गाइड म्हस्के सर, त्यांना मी तेव्हा सांगितलं होतं की स्थानिक कडधान्य आहे, सहज मिळतं. ते म्हणाले होते, "बघ तुझं तू."

मोडाची मटकी वाटायची, पिळायची, पाणी घ्यायचं. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाखाली, उकळलं तर नासलेल्या दुधासारखं फाटतं. म्हणून मी ते न उकळता, ज्यातून जंतू जात नाहीत अशा बारीक गाळणीतून काढतो. प्रबंधात यावर एकच वाक्य आहे : 'निर्जंतुक केलेले वनस्पतिजन्य माध्यम वापरले.' माध्यम म्हणजे हेच खाद्य.

गोदा म्हणते, "तुमच्या पुस्तकात माझ्या मटकीचं नाव आलं पाहिजे." ऋणनिर्देशात घालीन म्हणालो.

२३ जानेवारी, गुरुवार

नळाला आज आठव्या दिवशी पाणी आलं. कॉलेजातही टाकी कोरडी, त्यामुळे डिस्टिल्ड पाणी नाही. गरगर फिरवून साका बसवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून काढलेलं यीस्ट तीनदा धुवायचं असतं, एकदाच धुतलं. गेली काही वर्षं असंच चाललं आहे.

नळीत खाली यीस्टचा मळकट थर आणि त्यावर साईसारखा एक पांढरा थर बसतो. फुटलेल्या पेशींचा असावा. मागे एकदा तो खरवडून टाकला होता तर गुलाबी रंग निम्म्याहून कमी आला. तेव्हापासून जपून घेतो. आज रंग इतका गडद आला की मोजायला अर्क दहापट पातळ करावा लागला. पांडुरंगाची कृपा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गोदा चार दिवस चितेगावला भावाकडे होती, भाचीचा, संस्कृतीचा, साखरपुडा होता. मी आपला मटकी रात्री भिजवून सकाळीच वाटली, मोडाची वाट पाहिली नाही. यीस्ट भरपूर वाढलं, पण रंग फिकट. परत केलं, तरी तसाच.

हाताने स्वयंपाक करण्याच्या गडबडीत तीन दिवस हरिपाठ राहिला होता. तसा काही संबंध नाही हे मला कळतं. तरी लिहून ठेवतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गोदा परत आल्यापासून मटकी पुन्हा तिच्याच हातची. तीन दिवसांचे मोड. रंग पहिल्यासारखा. तिच्या हाताला यश आहे.

१० मार्च, सोमवार. एकादशी

आज कॉलमवरून एन्झाइम उतरलं.

काचेच्या उभ्या नळीत पांढरी पूड भरलेली असते. वरून अर्क सोडायचा. प्रत्येक प्रथिन आपापल्या वेगाने खाली येतं. हे एन्झाइम पिवळसर असतं, कारण बी-सहा जीवनसत्त्व त्याला धरून असतं. मी उपाशीपोटी स्टुलावर बसून होतो. करुणा साळवे मॅडम समोर बसून थेंब मोजत होत्या. त्या आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवतात. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहेत आणि त्यांची पीएचडी होऊन पाच वर्षं झाली. माझ्या पेपरवर दुसरं नाव त्यांचंच आहे.

"सर, उतरतंय! पिवळं उतरतंय!"

खरंच, बोटाएवढा फिकट पिवळा पट्टा नळीतून खाली सरकत होता. कडूबाही वाकून बघू लागले. "हळद लावली का काय सर याला?"

"लग्न आहे त्याचं," करुणा मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी जेलवर एकच रेघ दिसली, म्हणजे एकच प्रथिन. नऊ वर्षांत पहिल्यांदा. घरी येऊन देवापुढे बसलो तर शब्दच आठवेनात.

१९ मार्च, बुधवार

तापमान, आम्लता, साठवण सगळं मोजून झालं. यीस्ट तीस अंशाला वाढतं, पण त्याचं एन्झाइम पन्नास अंशाला सगळ्यात जोरात चालतं. म्हस्के सरांनी तक्ते दोनदा पाहिले.

"कारभारी, काम रंगलं बाबा तुझं. आता तुला डॉक्टर म्हणायची सवय करावी लागंल."

प्रथिनाचे तुकडे करून त्याची ओळख पटवतात असं एक केंद्र बाहेरच्या शहरात आहे. तिकडे नमुना पाठवला. सर म्हणाले, ही शेवटची मोहर. परीक्षकाला मग विचारायला जागा राहत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

नियतकालिकाला पाठवण्याआधी करुणा मॅडम पेपरचा मसुदा शेवटचा तपासत होत्या. म्हणाल्या, "सर, यीस्ट न घालता नुसत्या माध्यमाचा ब्लँक कोणत्या पानावर आहे?"

मी म्हणालो, माध्यम निर्जंतुक असतं.

"म्हणजे उकळलेलं ना सर?"

"निर्जंतुक असतं," मी पुन्हा म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. मी खोटं बोललो नाही. पण त्यांनी विचारलं एक आणि मी सांगितलं दुसरं, हेही खरं आहे. गाळलं काय, उकळलं काय, जंतू नसले म्हणजे झालं.

१६ एप्रिल, बुधवार

संस्कृतीच्या लग्नाच्या पत्रिका आल्या. निमंत्रकांत माझं नाव 'प्रा. डॉ.' लावून छापलं आहे. मी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, लग्न मेमध्ये हाय, तुमचं जूनमध्ये. महिन्याचं इकडंतिकडं कोण बघतंय?" गोदाने एक पत्रिका देवापुढे ठेवली आणि एक कपाटात, साड्यांच्या घडीखाली.

२४ एप्रिल, गुरुवार

अहवाल आला. नमुन्यातलं प्रथिन कडधान्याचं आहे म्हणे. मूग-चवळीच्या कुळातलं. यीस्टचं नाव कुठेच नाही.

तिथं नमुने बदलले गेले असणार. एवढ्या मोठ्या केंद्रात असं व्हावं याचं वाईट वाटलं. लगेच ई-मेल केली.

२८ एप्रिल, सोमवार

उत्तर आलं, अदलाबदल नाही. दोनदा तपासलं आहे.

दुपारी करुणा मॅडम आल्या आणि दार लोटून बसल्या.

"सर, रागावू नका. शनिवारी मी दोन फ्लास्क लावले होते. फ्रिजमधलं तुमचंच माध्यम. एकात यीस्ट घातलं, एकात नाही."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"यीस्ट वाढताना माध्यम आंबट होतं. म्हणून बिनयीस्टच्या फ्लास्कात मी थोडं आम्ल घातलं. तर पांढरा साका खाली बसला सर. तुमच्या नळीत वरचा थर असतो ना, अगदी तसा. तो बफरमध्ये विरघळवून तपासला."

"मग?"

"गुलाबी."

मी म्हणालो, तुमच्या फ्लास्कात चुकून यीस्ट पडलं असेल. त्या म्हणाल्या, मायक्रोस्कोपखाली पाहिलं, एकही पेशी नाही. मी म्हणालो, मला न विचारता माझ्या फ्रिजला हात लावायचं कारण काय? माझा आवाज चढला होता. त्या उठल्या. "सर, तुम्ही स्वतः एकदा करून बघा. मी चुकले असेन तर मला आनंदच होईल."

माध्यम उकळलेलं नव्हतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांना ते समजून चुकलं होतं.

३ मे, शनिवार

सुट्टी आहे. कॉलेजात मी आणि चौकीदार. फ्लास्क मी धुतले, माध्यम मी गाळलं, आम्ल मी घातलं. यीस्टची बाटली त्या खोलीत आणलीसुद्धा नाही.

गुलाबी. जानेवारीत आला होता तेवढाच गडद.

४ मे, रविवार

हरिपाठ म्हटला. बाकी काही नाही.

१० मे, शनिवार

उलटी बाजूही करून पाहिली. नुसतं साखर-मिठाचं, रसायनांचं माध्यम घेतलं आणि त्यात यीस्ट वाढवलं. छान वाढलं. अर्कात एन्झाइम नाही. पाच वेळा केलं, पाचही वेळा नळी पाण्यासारखी.

म्हणजे माझं यीस्ट इतर यीस्टांसारखंच साधं यीस्ट आहे. पिवळा पट्टा मटकीचा होता; माध्यम उकळलं असतं तर तिचं एन्झाइम मेलं असतं, गाळणीतून ते जसंच्या तसं आलं. पन्नास अंश मटकीचे. मोड आल्यावर बी सिस्टीन बनवायला लागतं, तेही जीवाणूंच्याच वाटेने, म्हणून मोडाच्या मटकीत रंग आणि नुसत्या भिजवलेल्या मटकीत नाही. गोदा चितेगावला गेली तेव्हाच हे मला दिसायला हवं होतं. मला त्यात गोदाचा हात दिसला आणि देव दिसला. फडक्यातले मोड दिसले नाहीत.

मग मटकीच्याच एन्झाइमवर प्रबंध करावा म्हणून ग्रंथालयात बसलो. कडधान्यांतलं हे एन्झाइम मी शाळेत होतो तेव्हाच लोकांनी शुद्ध करून ठेवलं आहे. माझ्यापेक्षा चांगलं. शिवाय शीर्षक बदलायचं तर मुदतीच्या सहा महिने आधी अर्ज लागतो.

१५ मे, गुरुवार

चितेगावला लग्न लागलं. मांडवात माइकवरून माझं नाव पुकारलं, डॉक्टरसाहेबांनी वधूवरांना आशीर्वाद द्यावेत. दिले. जेवणाच्या पंगतीत एक म्हातारबा शेजारी सरकले, धोतर वर केलं आणि म्हणाले, "डागदर, ह्यो गुडघा बघा जरा. जिना चढाया लागलं की कट्कट् वाजतोय."

"बाबा, मी त्यातला डॉक्टर नाही."

"मंग कशाचे?"

मी बुंदी खात राहिलो. मेहुणा वाढता वाढता म्हणाला, "यीस्टचे, यीस्टचे. इडलीचं पीठ फुगतं ना, त्येचे." सगळे हसले. म्हातारबांनी धोतर खाली केलं.

२२ मे, गुरुवार

म्हस्के सरांना सगळं सांगितलं. त्यांच्या घरी गेलो होतो, बंगल्याच्या पोर्चमध्ये बसलो. सर पुढच्या वर्षी निवृत्त होतात. ऐकून घेतलं, मग चष्मा काढून पुसत बसले.

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"करुणा मॅडमला."

"ती बोलायची नाही. चांगली मुलगी आहे." सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तो अहवाल प्रबंधात जोडलाच पाहिजे असा नियम आहे का?"

"नाही सर."

"मग? शीर्षकात यीस्ट आहे, परीक्षक यीस्टचंच विचारणार. मी बोलावीन तो माणूस खोलात जायचा नाही."

"सर, ते खरं नाही."

"अरे, खरं खरं काय करतोस? रंग आला होता का नव्हता? आकडे तू मोजले का नाही? एक तरी आकडा खोटा लिहिलास?"

"नाही."

"मग आकडे खरेच आहेत की. कारभारी, या वयात ही पदवी मिळाली म्हणून तुझं काही वाढत नाही, नाही मिळाली म्हणून काही जात नाही. नुसता मान आहे. नऊ वर्षं घातलीस. घे आणि मोकळा हो."

आकडे खरे आहेत हे खरंच आहे. उठताना सरांनी विचारलं, "पण मटकी कच्ची का घातलीस रे? आणि मटकीच का?"

"सहज मिळते म्हणून, सर."

तिथंही मला सांगता आलं नाही.

५ जून, गुरुवार

कॉलेज उघडायला अवकाश आहे, पण करुणा मॅडम आल्या होत्या. एप्रिलमध्ये आवाज चढवला त्याबद्दल माफी मागितली. "सोडा सर," म्हणाल्या. मग तोच प्रश्न त्यांनीही विचारला. मटकीच का?

मी सदऱ्याच्या गळ्यातून माळ बाहेर काढून दाखवली. म्हणालो, पेप्टोन मांसाचं असतं म्हणून.

त्या माळेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढंच? मग लिहिलं का नाही सर?"

"लोक हसले असते."

"हसले असते," त्या म्हणाल्या. "सेमिनारात कुणी तरी टोमणा मारला असता. पण त्याच हसण्यात कुणी तरी विचारलं असतं, मटकी उकळता का कच्चीच घालता? नऊ वर्षांपूर्वी विचारलं असतं सर."

त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होत्या.

"आमच्या घरी पण कुठं काय बोलायचं नाही याची यादीच होती. कॉलेजात कुणी गाव विचारलं की मी तालुका सांगायची. वस्ती सांगायची नाही. पुढं पुढं लई कंटाळा आला त्याचा. एक दिवस सगळंच सांगून टाकलं."

"मग?"

"मग काय? दोघीजणी डबा वेगळा खायला लागल्या. बाकीच्या नाही."

पेपर मागे घेतल्याचं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. पेपर अजून छापला गेला नव्हता, एवढंच बरं. कायम नोकरीसाठीच्या त्यांच्या मुलाखतीत तो एक पेपर मोजला गेला असता. त्या त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

१७ जून, मंगळवार

लिहायची लाज वाटते, पण लिहितो. पेपरचं पत्र गेलं, तरी प्रबंध मी बाइंडिंगला दिला होता. सर म्हणाले तसं. क्रांती चौकातल्या दुकानात आज पहिली प्रत बघायला गेलो. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. दुकानदाराने बोटाने अक्षरं चोळून दाखवली. "सर, निकलेगा नहीं ये. दस साल की गॅरंटी."

पहिलंच पान प्रतिज्ञेचं. 'सदर संशोधन माझे स्वतःचे असून माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे.' त्याने खाली सहीची जागा दाखवली आणि पेनही दिलं. मी टोपण काढलं. 'माझ्या माहितीप्रमाणे' वर नजर अडकली. माहिती नसती तर सही करता आली असती. एप्रिलपर्यंत आनंदाने केली असती.

टोपण लावलं, पेन परत दिलं आणि बाहेर आलो. मागून तो हाका मारत होता, "सर, बाकी कॉपियां बनानी हैं ना?"

याला मी प्रामाणिकपणा म्हणणार नाही. सत्याची एवढी चाड असती तर ३ एप्रिललाच करुणा मॅडमना सरळ उत्तर दिलं असतं. हात उचलला नाही, एवढंच झालं.

सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तुझी मर्जी." त्यांच्या फोन ठेवण्यात राग नव्हता. दमल्यासारखं वाटलं.

२० जून, शुक्रवार

प्रार्थनेत मन लागत नाही. देवाने परीक्षा घेतली असं म्हणावं तर तेही बरोबर नाही. देवाने कुठं सांगितलं होतं की लपव म्हणून? पेप्टोनला शिवू नको एवढाच माझा नेम होता. लपवायचं माझं मीच वाढवलं.

आणि नेम मोडला असता तर? पेप्टोनवर यीस्ट वाढवलं असतं, एन्झाइम नाही हे पहिल्याच वर्षी कळलं असतं, दुसरा विषय घेतला असता, आणि पंचेचाळिशीच्या आतच सगळं झालं असतं. हा हिशोब डोक्यातून जात नाही. माळेला हात लागला की तो सुरू होतो. म्हणून हल्ली हात लावत नाही.

२४ जून, मंगळवार

गोदाला सांगावंच लागलं. ती तांदूळ निवडत होती.

"प्रबंध देत नाही मी."

तिचा हात थांबला. "म्हंजे? पुढच्या वर्षी?"

"नाही. झालं ते."

"काय चुकलं?"

"यीस्ट खराब निघालं."

ती बराच वेळ ताटातल्या तांदळावर बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्या मटकीनं तर काही झालं नाही ना? कधी कधी मोड लई लांब यायचे. मला वाटायचं, जास्त होतंय का काय."

"नाही. मटकी चांगली होती."

"मंग बरं," ती म्हणाली आणि खडा वेचून बाजूला टाकला.

हे मी तिच्यासाठी केलं असं मनाशी म्हणतो आहे. माहीत नाही.

३० जून, सोमवार

मुदत संपण्याआधी आपणहून नोंदणी रद्द करता येते. उद्या आपोआप रद्द होणारच होती. तरी आपण जाऊन सांगावं असं वाटलं. निदान एका तरी कागदावर खरं लिहावं.

खिडकीतल्या लिपिकाने छापील अर्ज दिला. नाव, विषय, गाइड, आणि 'रद्द करण्याचे कारण', त्यापुढे दोन ओळी. मी बसने येताना मनात जुळवलेलं वाक्य लिहिलं : 'प्रबंधातील एन्झाइम यीस्टचे नसून खाद्य म्हणून वापरलेल्या कच्च्या मटकीचे असल्याचे आढळले. ही चूक माझी आहे.' बारीक अक्षरात बसलं.

त्याने वाचलं, वर बघितलं, परत वाचलं.

"सर, हे मटकी काय आहे?"

"तेच कारण आहे."

"आवो, हे असं वर गेलं ना, तर समिती बसंल. गाइडला पत्र जाईल, कॉलेजला जाईल, दोन वर्षं फाईल नुसती फिरंल. तुम्हाला नुसतं रद्दच करायचंय ना? आजारपण लिहितो मी. सगळे त्येच लिहितात."

"मी आजारी नाही."

"बरं, ऱ्हाऊ द्या." त्याने पेन उचललं, माझ्या दोन ओळींवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि वर मोकळ्या जागेत लिहिलं : 'वैयक्तिक कारणास्तव.' अर्ज माझ्याकडे वळवला. "यात सगळं बसतं. इथं खोडलंय तिथं बारकी सही करा, खाली मोठी."

मागे चार जण उभे होते. वाद घालायचा होता मला. त्या दोन शब्दांकडे बघितलं, आणि त्यांत खोटं काही सापडेना.

आधी बारकी सही केली, मग मोठी.